बर्फाच्या तळाशी दोन बोटे तपकिरी रंग

समुद्रातल्या बर्फाचा पहिला कोअर, म्हणजे बर्फातून कापून काढलेला उभा दंडगोल, मी काढला, तेव्हा त्याचा जो भाग अभ्यासायचा होता नेमका तोच हातून गेला. एप्रिलच्या अखेरीस, नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड द्वीपसमूहाच्या उत्तरेला ८१ अंश अक्षांशाच्या आसपास, आमचे जहाज एका मोठ्या हिमपट्टाला, म्हणजे तरंगत्या बर्फाच्या सपाट तुकड्याला, टेकून उभे होते आणि बर्फाची जाडी साधारण १ मीटर २० सेंटीमीटर भरली होती. पोकळ नळीचे गिरमिट मोटरने फिरवत खाली नेले, दुसऱ्या खेपेला तळ लागला, भोकातून पाणी भसकन वर आले आणि मी घाबरून नळी एकदम वर ओढली. त्या हिसक्याने कोअरचा शेवटचा दोन बोटे जाडीचा भुसभुशीत थर निखळून भोकात पडला आणि पाण्यावर चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी चुरा तरंगू लागला. असे शेकडो कोअर काढलेल्या आमच्या गटप्रमुख बाई भोकात डोकावून एवढेच म्हणाल्या, "गेले तुमचे शैवल. आता दुसरा काढा, आणि वर घेताना जरा दम धरा."

तोवर समुद्रावरचा बर्फ म्हणजे एक झाकण, अशी माझी समजूत होती. झाकण पातळ झाले की उजेड आत जाईल आणि उजेड वाढला की वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शैवल, वाढेल, हा माझा सरळ हिशेब होता आणि मोहिमेच्या प्रस्तावातही मी तोच जरा जड शब्दांत मांडला होता. पुढच्या काही आठवड्यांत तो हिशेब कसा मोडत गेला, हे सांगण्यासाठीच हे लिहीत आहे.

दुसरा कोअर नीट निघाला. लाकडी पाळण्यात आडवा ठेवल्यावर वरचा मीटरभर भाग धुरकट पांढरा दिसत होता आणि अगदी खाली, जिथे बर्फ पाण्याला टेकलेला असतो तिथे, तपकिरी पट्टा होता. खाऱ्या पाण्याचा बर्फ गोड्या पाण्याच्या बर्फासारखा घट्ट नसतो. समुद्राचे पाणी उणे १.८ अंशाच्या सुमारास गोठू लागते, पण मीठ स्फटिकांत मावत नाही. ते बाहेर ढकलले जाते आणि स्फटिकांच्या फटींत अतिखाऱ्या पाण्याच्या बारीक नळ्यांचे जाळे तयार होते. बर्फ जितका थंड तितके त्या नळ्यांमधले पाणी अधिक खारे: उणे १० अंशांना त्याची क्षारता समुद्राच्या पाण्याच्या सुमारे चौपट होते आणि नळ्या आकसून एकमेकींपासून तुटतात. तळाशी मात्र तापमान पाण्याइतकेच असते, नळ्या रुंद आणि खुल्या असतात, खालून नायट्रेट आणि सिलिकेट ही पोषकद्रव्ये मिळत राहतात आणि वरून थोडासा उजेड झिरपतो. तपकिरी रंग तिथेच का असतो, हे एवढ्यात समजावे. ध्रुवीय बर्फातल्या या रंगाची दखल जुनी आहे; १८३९ ते १८४३ च्या अंटार्क्टिक मोहिमेवर गेलेल्या जोसेफ हूकर यांनी असा डागाळलेला बर्फ पाहिला होता आणि तो रंग डायटमांचा, म्हणजे सिलिकाचे कवच असलेल्या एकपेशीय शैवलांचा, आहे हे नंतर सूक्ष्मदर्शकाखाली ठरले.

कोअर बाहेर आला की घड्याळ सुरू होते, कारण नळ्यांतले खारे पाणी लगेच ठिबकू लागते. म्हणून दर १० सेंटीमीटरवर बारीक छिद्र पाडून आधी तापमान घ्यायचे, मग करवतीने तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा आपापल्या डब्यात. हवेला लागलेला भाग उणे नऊ होता, तळ उणे १.८. तळाचा तुकडा कापताना करवतीला बर्फाचा कडकडीतपणा लागतच नाही, ती ओल्या स्पंजातून चालावी तशी चालते, आणि बोटांना चिकट बुळबुळीतपणा जाणवतो. तो शैवलांनी सोडलेल्या जेलीसारख्या द्रव्याचा असतो. या द्रव्यामुळे पेशींभोवती बर्फाचे स्फटिक सहज वाढत नाहीत. वासही येतो, किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी येतो तसा. बर्फातले शैवल क्षारता सोसण्यासाठी पेशीत गंधकाचे एक संयुग साठवतात आणि ते फुटून निघणारा डायमिथिल सल्फाइड वायू म्हणजेच आपण ज्याला समुद्राचा वास म्हणतो त्यातला मोठा वाटा.

यानंतरची चूक प्रयोगशाळेत झाली आणि ती मला पहिल्या चुकीपेक्षा अधिक लागली. बर्फातल्या पेशी मोजायच्या तर बर्फ वितळवावा लागतो. मी तळाचे तुकडे तसेच डब्यात ठेवून दिले आणि दुसऱ्या दिवशी त्या पाण्याचा थेंब काचेवर घेतला. डायटम होते, पण त्यांच्याखेरीज जवळजवळ काहीच नव्हते. जागोजाग पडदे फाटल्यासारखे हिरवट-पिवळे ठिपके मात्र दिसत होते. गडबड अशी झाली होती की अख्ख्या तुकड्याचे वितळलेले पाणी जेमतेम ५ ते ७ क्षारतेचे (किलोमागे ५ ते ७ ग्रॅम मीठ) असते, आणि ३५ किंवा त्याहून अधिक क्षारतेच्या नळीत जगणाऱ्या पेशीला ते अंगावर गोडे पाणी ओतल्यासारखे होते. पाणी पेशीत घुसते, ती फुगते आणि फुटते. सिलिकाच्या कवचामुळे डायटम बऱ्याच अंशी तगतात, पण कवच नसलेल्या कशाभिकाधारी (चाबकासारख्या शेपटीने पोहणाऱ्या) पेशींचा निकाल लागतो. पुढच्या वेळेपासून प्रत्येक सेंटीमीटर लांबीमागे १०० मिलिलिटर गाळलेले समुद्राचे पाणी आधी डब्यात घालायचे, डबा काळ्या पिशवीत गुंडाळायचा आणि थंडीत रात्रभर सावकाश वितळू द्यायचा, असा शिरस्ता मी पाळला. या पद्धतीवरही तज्ज्ञांत एकमत नाही. सावकाश वितळवण्यापेक्षा झटपट वितळवणे बरे, असे सांगणारे अभ्यासही आहेत. पण माझ्या फुटलेल्या पेशी मी स्वतः पाहिल्या होत्या, त्यामुळे त्या वादात माझी बाजू ठरून गेली.

त्या बिघडलेल्या नमुन्याने मला एक गोष्ट दाखवली, जी बिनचूक नमुन्याने कदाचित दाखवली नसती. वसंताच्या शेवटी बर्फ वितळतो तेव्हा समुद्रातही हेच होते. नळ्यांतले जग अचानक निवळते, गोड्या पाण्याचा थर तयार होतो आणि त्यात कोण टिकणार हे पेशीच्या घडणीवर ठरते. वितळण्याचा वेग बदलला की तगणाऱ्यांची यादीही बदलते.

मोजणीचे काम कंटाळवाणे असते, पण मला ते आवडते. नमुन्यात ल्यूगोल आयोडीनचे थेंब टाकले की पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो, पेशी जड होतात आणि उंच काचपात्राच्या तळाशी दिवसभरात बसतात. मग उलट्या सूक्ष्मदर्शकाने खालून पाहत निदान ४०० पेशी मोजायच्या. सगळ्यांत जास्त दिसली ती नित्शिया फ्रिजिडा. तिच्या लांबट पेशी टोकाला टोक जोडून फांद्या फुटलेल्या झुडपासारखी वसाहत करतात आणि ल्यूगोलने ती झुडपे गडद तपकिरी होतात. मधूनमधून फ्रॅजिलारिओप्सिस सिलिंड्रस असे. तिच्या आखूड पेशी कडेला कड लावून फितीसारख्या रांगेत बसतात. दोन्ही ध्रुवांवर आढळणाऱ्या या डायटमचा जनुकसंच २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. डावा हात टिचकी मारणाऱ्या गणकावर, उजवा भिंगाच्या चक्रावर, आणि जहाज बर्फाला धडकले की सगळा तळ हलून मोजणी पहिल्यापासून. एका संध्याकाळी असे तीनदा झाले, तेव्हा मी उठून निजायला गेले.

उजेडाचा प्रश्न मात्र मला सोडत नव्हता. भोकातून दुमडता हात लावलेला प्रकाशमापक खाली सोडून, बर्फाखाली तो आडवा करून, भोकापासून लांबचा उजेड मोजला, तेव्हा पृष्ठभागावरच्या प्रकाशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी खाली पोचत असल्याचे दिसले. यात बर्फाचा दोष थोडा आणि त्यावरच्या २५ सेंटीमीटर हिमाच्या थराचा मोठा. भुसभुशीत हिम उजेड परतवते, बर्फ बराचसा आत जाऊ देतो. तरीही तळ तपकिरी होता. हे शैवल किती कमी उजेडावर चालतात, याचा धक्कादायक आकडा नंतर समजला. पोलारश्टेर्न हे जर्मन संशोधन जहाज बर्फात अडकवून २०१९–२० मध्ये वर्षभर वाहू दिलेल्या मोझेक मोहिमेतील मोजमापांवरून असे निघाले की मार्चच्या अखेरीस, ध्रुवीय रात्र संपता संपता, ०.०४ मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद इतक्या उजेडातही सूक्ष्म शैवलांची वाढ सुरू होऊ शकते. भर दुपारच्या उन्हाचा हा सुमारे पन्नास हजारावा भाग.

मी एक छोटा प्रयोग केला. तीन मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनावरचे सगळे हिम फावड्याने काढून टाकले आणि शेजारचा चौकोन तसाच ठेवला. माझ्या हिशेबानुसार आठवडाभराने उघड्या चौकोनाचा तळ अधिक गडद व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो शेजारच्यापेक्षा फिका निघाला. अंधाराला सरावलेल्या पेशींना एकदम आलेला उजेड झेपला नाही. शिवाय हिमाची दुलई गेल्याने ऊन थेट बर्फात शिरले, तळ उबला आणि शैवलांचा थर सुटून खाली गेला. खाली पडणारे कण झेलण्यासाठी बर्फाखाली टांगलेल्या गाळपात्रात तपकिरी पापुद्रे सापडले, तेव्हा शंका उरली नाही. उजेड कमी पडतो तेव्हा वाढ अडते हे खरे, पण उजेड कोणत्या दिवशी आणि किती झपाट्याने आला यावरही बरेच अवलंबून असते. वसंतात वेळेआधी हिम वितळले किंवा हिमाऐवजी पाऊस पडला, तर फावड्याचे काम आभाळच करते.

सुटलेला थर जातो कुठे, याचे उत्तर २०१२ च्या उन्हाळ्यात मध्य आर्क्टिकमध्ये मिळाले होते. त्या सप्टेंबरात आर्क्टिकचा बर्फ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत आक्रसला. उपग्रहांच्या नोंदी १९७९ पासून सलग आहेत आणि त्यांतला हा नीचांक आहे. १९८० च्या दशकात याच महिन्यात सरासरी ७० लाखांच्या आसपास बर्फ असे. त्याच उन्हाळ्यात चार हजार मीटर खोल समुद्रतळावर मेलोसिरा आर्क्टिकाचे गोळे पसरलेले कॅमेऱ्यात दिसले. हा डायटम बर्फाच्या खालच्या बाजूला मीटर-मीटर लांब झिपऱ्यांसारखा लोंबतो. बर्फ पातळ होऊन वितळला की झिपऱ्या तुटतात आणि लवकर बुडतात. वरच्या थरातल्या प्राण्यांच्या तोंडचा घास अशा वेळी तळावर राहणाऱ्या समुद्रकाकडी नावाच्या प्राण्यांच्या वाट्याला जातो.

मेच्या उत्तरार्धात हिमपट्टाला भेगा पडू लागल्या आणि आमच्या जाळ्या तुंबू लागल्या. जाळी वर आली की तिला शेंबडासारखा हिरवट-तपकिरी लगदा चिकटलेला असे, जो ब्रशनेही नीट सुटत नसे. तो फिओसिस्टिस होता, जेलीच्या गोळ्यात वसाहत करून राहणारा आणि डायटम नसलेला प्लवक. बर्फावर हिम अजून जाड होते, मग याला उजेड कुठला? २०१५ च्या वसंतात याच भागात बर्फासोबत वाहणाऱ्या एका नॉर्वेजियन मोहिमेला हेच दिसले होते आणि त्याचे उत्तर भेगांत सापडले होते. बर्फ पातळ झाला की तो सहज फुटतो, मोकळ्या पाण्याच्या पट्ट्या उघडतात आणि त्यांतून आलेला उजेड आजूबाजूच्या बर्फाखाली वाहत्या पाण्याला पुरतो. त्याआधी, २०११ च्या जुलैमध्ये, अलास्काच्या वायव्येकडील चुकची समुद्रात ०.८ ते १.३ मीटर जाडीच्या बर्फाखाली, बर्फाच्या कडेपासून १०० किलोमीटरहून अधिक आतपर्यंत, डायटमांचा प्रचंड बहर सापडला होता; तिथे बर्फावरच्या वितळपाण्याच्या डबक्यांनी खिडक्यांचे काम केले होते. उपग्रह बर्फाखालचे पाहू शकत नाहीत, त्यामुळे असे बहर किती काळ हिशेबाबाहेर राहिले असतील, याचा अंदाजच केलेला बरा.

जूनमध्ये बर्फ विरळ झाला आणि माझ्या जुन्या हिशेबाला शेवटची संधी मिळाली. झाकण गेले होते, चोवीस तास ऊन होते. पण क्षारता मोजणारे उपकरण खाली सोडल्यावर आलेखात वरच्या काही मीटरांवर स्पष्ट पायरी दिसली: वर वितळलेल्या बर्फाचे हलके, कमी खारे पाणी, खाली जड खारे. हलके पाणी वर बसले की वाऱ्याला ते घुसळणे जड जाते आणि खालचे नायट्रेट वर येत नाही. बहराने वरचे नायट्रेट केव्हाच संपवलेले असते. उजेड भरपूर, खत नाही. अशा पाण्यात मोठ्या डायटमांपेक्षा लहान पेशी सरस ठरतात, कारण आकारमानाच्या तुलनेत त्यांचा पृष्ठभाग मोठा असतो आणि पाण्यातला उरलासुरला कण त्या वेचू शकतात. आर्क्टिक महासागरातल्या कॅनडा खोऱ्यात २००४ ते २००८ या काळात पाणी जसे गोडावत गेले, तशा अतिसूक्ष्म पेशी वाढल्या आणि त्यांच्याहून मोठ्या घटल्या, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले आहे. एकूण आर्क्टिकचा विचार केला तर १९९८ ते २०१८ या काळात प्राथमिक उत्पादन, म्हणजे शैवलांनी उजेडावर तयार केलेले सेंद्रिय द्रव्य, ५७ टक्क्यांनी वाढले. सुरुवातीला ही वाढ मुख्यतः मोकळे पाणी वाढल्यामुळे होती आणि नंतर प्लवकाची घनता वाढल्यामुळे, म्हणजे नवे पोषक कुठूनतरी येत असावेत. हा आकडा आणि माझा पायरीचा आलेख एकमेकांना खोटे पाडत नाहीत. उथळ किनारी समुद्र आणि खोल, थरावलेले खोरे यांची वागणूक वेगळी असते. दक्षिणेकडे तर चित्र आणखी निराळे: अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला बर्फ घटला, पण उत्तर भागात हरितद्रव्यही घटले, कारण तिथे वाऱ्याने घुसळलेल्या खोल थरात पेशी उजेडापासून दूर ओढल्या जातात. एकच कारण, परिणाम उलटे.

हे सगळे खाणाऱ्यांना कसे लागते, ते मी एका रात्री जाळीतून काढलेल्या कॅलानस ग्लेशियालिसकडे बघत बसले तेव्हा उमगले. तांदळाच्या दाण्याएवढा हा प्राणिप्लवक काचेच्या बशीत निपचित पडला होता आणि त्याच्या पारदर्शक अंगात चरबीची लांबट पिशवी स्वच्छ दिसत होती. याच्या माद्या बर्फातल्या शैवलांवर पोसतात आणि अंडी घालतात. अंड्यांतून निघालेली पिल्ले खाऊ लागायला सुमारे ३ आठवडे लागतात आणि तोवर मोकळ्या पाण्यातला बहर यावा लागतो. स्वालबार्डमधल्या रिप्फ्योर्डनमध्ये २००७ साली बर्फातल्या शैवलांचा पहिला बहर एप्रिलच्या अखेरीस आणि मोकळ्या पाण्यातला दुसरा जुलैच्या आरंभी आला होता, मधले अंतर दोन महिन्यांचे. बर्फ लवकर गेला तर हे अंतर आटते आणि पिल्ले पंगत उठल्यावर पोचतात. माझ्या बशीत त्या रात्री कॅलानस फिनमार्किकसही होता, अटलांटिकच्या पाण्याबरोबर येणारा, आकाराने लहान आणि चरबीने हलका. दोघांना वेगळे ओळखायला मी अंगाची लांबी मोजत होते आणि ती खूण दर वेळी विश्वासाची नसते, हे नंतर एका सहकाऱ्याने जनुकीय तपासणी करून माझ्या काही नोंदी खोडल्या तेव्हा कळले.

परत आल्यावर अखेरच्या मोकळ्या पाण्याच्या नमुन्यांची मोजणी उरली होती. हरितद्रव्याचे मापन आधी झालेले होते: ०.७ मायक्रॉनच्या गाळणकागदावरून पाणी गाळून, तो कागद ९० टक्के अॅसिटोनमध्ये अंधारात ठेवून, फ्लुरोमीटरमध्ये वाचायचे. आकडा बऱ्यापैकी होता. पण सूक्ष्मदर्शकाखाली तळ रिकामा वाटत होता, फक्त धुळीसारखे कण, ज्यांना माझ्या भिंगातून नाव देणे शक्य नव्हते. तोच नमुना फ्लो सायटोमीटर या पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्रातून, लेझरसमोरून, काढला तेव्हा मायक्रोमोनास या अतिसूक्ष्म शैवलासारख्या, दोन मायक्रॉन किंवा त्याहून लहान पेशींची दाट गर्दी पडद्यावर ठिपक्यांच्या ढगासारखी उमटली. माझ्या मोजणीच्या तक्त्यात त्यांच्यासाठी रकानाच नव्हता, तो आखावा लागला. नित्शिया फ्रिजिडाचा रकाना मात्र होता, आणि त्या नमुन्यात तिची कवचे चार ठिकाणी सापडलीही, पण आत रंगद्रव्य नव्हते, नुसती पारदर्शक कवचे. रिकामी कवचे जिवंत पेशींत धरायची नसतात, म्हणून ती चार वेगळ्या ओळीत लिहिली आणि पुढची बाटली उघडली.